सायकलवरून दिसणारा मुलूख

चिपळूणहून आटपाडीला मोटारीने काचा लावून गेलं, की मधला मुलूख हातचा निसटतो. हाच रस्ता एकट्याने सायकलवर धरला, तर तो पायांना कळतो. जांभ्या दगडाची घरं मागे पडतात, कुंभार्ली घाट घाम काढतो. पाटण-कऱ्हाडकडे काळी माती आणि ऊस. विट्यापुढे बाभळी, मेंढरांचे कळप, ठिबकावरची डाळिंबं. तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणारा प्रदेश सोडून जेमतेम पाचशेच्या आसपास पावसाच्या माणदेशात आपण येतो. वाटेत टेंभू योजनेचा कालवा वाहताना दिसला, की कृष्णेचं पाणी इथवर उचलून आणण्याचं मोल उमगतं. एकटा सायकलवाला पाहून पारावरची माणसं आपणहून विचारतात, ‘कुठलं गाव, पाव्हणं?’ पाण्याचा तांब्या पुढे येतो आणि पीकपाण्याच्या गप्पा सुरू होतात.

गावं झपाट्याने बदलत आहेत. ती जवळून पाहणारी, त्यांचं ऐकून घेणारी माणसं आज हवी आहेत. म्हणूनच हा अंक एकट्याच्या सायकलप्रवासाला वाहिला आहे. तो वाचा, आणि थंडी सरण्याआधी आपल्याच जिल्ह्यातला एखादा अनोळखी रस्ता धरा.