घरची सौरवीज : आधी मोजणी, मग मांडणी

सूर्यप्रकाशाच्या बाबतीत महाराष्ट्र भाग्यवान आहे. येथे १ किलोवॅट क्षमतेच्या सौरपॅनेलपासून वर्षाच्या सरासरीने दररोज सुमारे ४ युनिट वीज मिळू शकते आणि त्यासाठी छपरावर सुमारे १० चौरस मीटर मोकळी जागा पुरते. खेड्यापाड्यांतून घरांवर पॅनेल दिसू लागली आहेत, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु ऊन फुकट असले तरी ते साठवून रात्री वापरणे फुकट नाही, ही गोष्ट खरेदीच्या वेळी बहुधा विसरली जाते. म्हणून संच घेण्यापूर्वी प्रत्येक कुटुंबाने दोन प्रश्नांची उत्तरे शोधणे अगत्याचे आहे. वीज कशासाठी हवी? आणि किती हवी?

पहिला प्रश्न हेतूचा. संच मुख्यतः दोन प्रकारचे असतात. एक वीजजाळ्याला जोडलेला. त्याची दिवसाची उरलेली वीज जाळ्यात जाते व लागू नियमांप्रमाणे देयकात वळती होते. दुसरा बॅटरीवर चालणारा, अंधारात उजेड देणारा. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत पहिल्या २ किलोवॅटपर्यंत दर किलोवॅटला ३०,००० रुपये आणि ३ किलोवॅट वा त्याहून मोठ्या संचाला एकूण ७८,००० रुपये साहाय्य ठरविण्यात आले. ते जाळ्याला जोडलेल्या संचांसाठी आहे. असा बॅटरीविना संच बाहेरचा पुरवठा खंडित होताच स्वतःही बंद पडतो. तारेवर काम करणाऱ्या कामगाराच्या जिवाला धोका होऊ नये म्हणून ही योजना मुद्दाम केलेली असते. भारनियमनाला कंटाळून जो शेतकरी असा संच बसवील, त्याच्या घरी वीज गेल्यावर पूर्वीइतकाच अंधार राहील. तो दोष यंत्राचा नव्हे, हेतू न ठरविता केलेल्या खरेदीचा होय.

दुसरा प्रश्न मोजणीचा. ज्याला रात्रीचा उजेड व वारा हवा आहे त्याने कागदावर साधा हिशेब मांडावा. ९ वॅटचे चार एलईडी दिवे पाच तास लावले तर १८० वॅट-तास, ३० वॅटचा बीएलडीसी पंखा आठ तास फिरला तर २४० वॅट-तास आणि मोबाइल भरण्यासाठी ३० वॅट-तास; एकूण ४५० वॅट-तास, म्हणजे अर्ध्या युनिटाहूनही कमी. एवढ्यासाठी सुमारे २०० वॅटचे पॅनेल आणि १२ व्होल्ट, १०० अँपियर-तासांची बॅटरी सर्वसाधारणपणे पुरते. मात्र त्याच ठिकाणी ७५ वॅटचा जुना पंखा ठेवला तर गरज ८१० वॅट-तासांवर जाते आणि संच जवळजवळ दुप्पट मोठा घ्यावा लागतो. १,००० वॅटची इस्त्री अर्धा तास चालविली तर रात्रीच्या सर्व गरजेहून अधिक वीज एकटी तीच खाते. तेव्हा मोठा संच घेण्याआधी पंखा बदलावा. अंथरूण पाहून पाय पसरावे.

छोट्या संचात बॅटरी हाच सर्वांत नाजूक भाग होय. पॅनेल वीस-पंचवीस वर्षे टिकते; शिसे-आम्लाची बॅटरी मात्र निष्काळजीपणाने वापरल्यास दोन वर्षांतच निकामी होऊ शकते. तिच्यातील निम्म्याहून अधिक वीज रोज काढू नये. पाण्याची पातळी दर महिन्याला पाहून केवळ शुद्ध ऊर्ध्वपातित पाणीच घालावे. विहिरीचे किंवा नळाचे पाणी घालू नये. पावसाळ्यात वीज बरीच कमी मिळते, हे धरूनच वापर आवरावा.

पॅनेलची निगा सोपी आहे. तोंड दक्षिणेस आणि उतार सुमारे १८ ते २० अंशांचा असावा. पॅनेलमधील घट एकापुढे एक जोडलेले असल्याने आंब्याची एखादी फांदी किंवा पाण्याच्या टाकीची सावली थोड्या भागावर पडली तरी एकूण वीज बरीच घटते. उन्हाळ्यात धूळ साचते, ती सकाळी पॅनेल थंड असताना साध्या पाण्याने व मऊ फडक्याने पुसावी.

प्रत्येक कामासाठी विजेचाच आग्रह धरू नये, हेही सांगितले पाहिजे. पॅनेल उन्हातील शक्तीचा सुमारे पाचवा भागच विजेत बदलते. जेथे केवळ उष्णता हवी, तेथे ऊन सरळ वापरणे शहाणपणाचे. पाणी तापविणे, पेटीच्या सौरचुलीत वरणभात शिजविणे, मिरची, मेथी, आवळा किंवा कांद्याच्या चकत्या झाकलेल्या सौरवाळवणीत सुकविणे ही कामे विजेवाचून होतात. वाळवण धूळ, माश्या व अवकाळी सरींपासून सुरक्षित राहते आणि त्याला भावही बरा मिळू शकतो.

ही मोजणी घरातील स्त्रीला बाजूस ठेवून करता येणार नाही. दिवा किती वेळ लागतो, दळण-कांडण केव्हा होते, पाणी केव्हा तापते, हे तिलाच ठाऊक असते. किंबहुना संचाची रोजची राखणही पुष्कळदा तीच करते. विस्तार कार्यकर्त्यांनी आपली सभा चावडीपुरती न ठेवता महिला बचत गटांपर्यंत न्यावी. गावातील एक-दोन होतकरू तरुणांना बॅटरी तपासणे, सैल जोड आवळणे व वितळतार बदलणे शिकवावे. दुरुस्तीसाठी तालुक्याला खेटे घालावे लागले तर क्षुल्लक बिघाडानेही संच अडगळीत पडतो.

गावात किती पॅनेल बसली, ही संख्या अहवालात शोभून दिसते. पण खरी कसोटी पाचव्या वर्षी लागते. त्या दिवशी दिवेलागणीला किती घरांत सौरदिवा उजळतो, ते पाहावे. कर्ज काढून घेतलेला संच दोन वर्षांत बंद पडला तर ते कुटुंब तर बुडतेच, शिवाय शेजारची दहा घरेही सौरविजेवरचा विश्वास गमावतात. तो विश्वास टिकविण्याचा मार्ग एकच : हेतू ठरवावा, गरज मोजावी, निगा शिकावी आणि मगच पॅनेल छपरावर चढवावे.