वॉर्डात मागे पडणारी विद्यार्थिनी

लेखी परीक्षेत कोण मागे पडले ते गुणपत्रिकेवरून कळते. वॉर्डात कोण मागे पडते आहे हे इन्चार्ज सिस्टरला आठवडाभरात कळलेले असते, ट्यूटर मॅडमच्याही लक्षात आलेले असते. तरीही पोस्टिंग संपताना प्रोसिजर बुकवर सही होऊन जाते. ‘गरीब घरची मुलगी आहे, कशाला तिचे वर्ष वाया घालवायचे’, ‘पुढच्या पोस्टिंगला शिकेल’ असे म्हणत ती सही केली जाते. त्यात कोणाचा हेतू वाईट नसतो. पण त्याच सहीच्या भरवशावर ही मुलगी उद्या रात्रपाळीला भरलेल्या वॉर्डात एकटी उभी राहणार असते.

ही अडचण फक्त आपल्याकडची नाही. ब्रिटनमधील कॅथलीन डफी यांचा याच विषयावरचा अभ्यास तिथल्या नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलने २००३ साली प्रसिद्ध केला. विद्यार्थी कच्चा आहे हे दिसत असूनही मेंटॉर त्याला नापास का करत नाहीत, हा त्यांचा प्रश्न होता. सुरुवातीला ‘अजून वेळ आहे’ म्हणून सोडून दिले जाते आणि शेवटी ‘आता फार उशीर झाला’ म्हणून. शिवाय आधीच्या उणिवा वेळच्या वेळी लेखी नोंदवलेल्या नसल्या, तर नापास करायचे ठरवूनही हातात काही उरत नाही. आपल्या नर्सिंग कॉलेजांतल्या शिक्षकांना यातले काहीच परके वाटणार नाही.

मागे पडणाऱ्या सगळ्यांना एकाच मापाने मोजणेही चूक. ५०० मिली सलाईन आठ तासांत द्यायचे आहे आणि सेटचे २० थेंब म्हणजे एक मिली. तर मिनिटाला साधारण २१ थेंब पडायला हवेत. हे गणित जिला खाटेपाशी सुटत नाही, तिला कदाचित गणिताची भीतीच तेवढी असेल. ट्यूटरने काही दिवस ड्यूटीआधी दहा मिनिटे बसवून अशी उदाहरणे घातली, मग घड्याळ हातात देऊन थेंब मोजायला लावले, की ती भीती जाते. मराठी माध्यमातून आलेली मुलगी इंग्रजी व्हायव्हाला गप्प होते, पण तीच एखाद्या आजींना घरी जखम कोरडी कशी ठेवायची ते नीट समजावून सांगते. तिचे ज्ञान कच्चे आहे की भाषा, हे तपासल्याशिवाय शेरा मारणे अन्यायाचे आहे.

बीपी न घेताच चार्टवर १२०/८० लिहिणारी विद्यार्थिनी मात्र वेगळीच अडचण आहे. हात सरावाने बसतो. खोट्या नोंदीची सवय सरावाने घट्ट होत जाते. तिला पहिल्याच वेळी थांबवायला हवे. आणि विचारायलाही हवे: कफ बांधता येत नव्हता का, की मदत मागायची भीती वाटली? वॉर्डात प्रश्न विचारल्यावर सगळ्यांसमोर पाणउतारा होणार असेल, तर मुली आकडा लिहून मोकळ्या होतील.

‘लक्ष नाही’, ‘कॉन्फिडन्स कमी’ असल्या शेऱ्यांनी कोणी सुधारत नाही. ‘सकाळच्या औषधांच्या वेळी दोनदा रुग्णाचे नाव न विचारता गोळी हातात दिली’ असे लिहिले, तर नेमके काय बदलायचे ते तिला कळते. हे पोस्टिंगच्या मध्यावर, एकटीला बोलावून, तारीख घालून सांगायचे आणि पुन्हा कधी पाहणार तेही तेव्हाच ठरवायचे.

इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या नियमांप्रमाणे क्लिनिकलला दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हवा आणि पदवी मिळण्यापूर्वी प्रात्यक्षिकाची हजेरी १०० टक्के भरलेली हवी. हजेरीतून तास कळतात. त्या तासांत हात किती बसला हे पाहणाऱ्याच्या नजरेवर आणि धैर्यावर अवलंबून राहते. ब्रिटनने २०१८ च्या मानकांत शिकवणारा आणि मूल्यमापन करणारा वेगवेगळे केले. एकाच विद्यार्थ्यासाठी एकाच वेळी एक व्यक्ती दोन्ही कामे करत नाही. त्यामुळे रोज हात धरून शिकवणाऱ्या सिस्टरवर नापास करण्याचे ओझे एकटीने घ्यायची वेळ येत नाही, आणि तिची निरीक्षणे मात्र निर्णयात धरली जातात. आपल्याकडे १९४७ च्या कायद्याची जागा घेणारा राष्ट्रीय नर्सिंग आणि मिडवाइफरी आयोग कायदा संसदेने २०२३ मध्ये मंजूर केला. त्याखालच्या मानकांत ही विभागणी यावी, असे आमचे मत आहे.

कॉलेजांना तोवर थांबायचे कारण नाही. ज्या कामात उणीव आहे तेवढ्यापुरते जादा पोस्टिंग लावण्याची सोय केली, तर सगळे वर्ष बुडण्याची धास्ती कमी होते आणि सही रोखणाऱ्यालाही ती रोखणे जमते. इन्चार्ज सिस्टरचा शब्द त्यात धरायचा, तर तिला तेवढा वेळही द्यावा लागेल. राउंड, इन्डेंट आणि हॅन्डओव्हर सांभाळून उरलेल्या वेळात तिने शिकवावे, ही अपेक्षा रुग्णालयांनी सोडून द्यावी. विद्यार्थी वॉर्डात असतील त्या दिवशी मेट्रनने ड्यूटी लावतानाच शिकवण्याचा एक तास तिच्या नावापुढे लिहावा आणि तेवढा वेळ वॉर्ड पाहायला दुसरी सिस्टर द्यावी.