आंदणाच्या यादीआड गेलेली राणी

कुर्ल्याहून शीवला जाताना मिठी नदी ओलांडणारा प्रत्येकजण एका राजघराण्यातल्या लग्नाने आखलेली सरहद्द ओलांडत असतो. 23 जून 1661 च्या तहाने पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला देण्याचं ठरलं. सोबत मुंबई बेट, आफ्रिकेतलं टँजियर आणि वीस लाख क्रुझादो. शेजारच्या साष्टी बेटातलं कुर्ला या यादीत नव्हतं.

बेटाची हद्द कुठवर, यावरून तंटा पेटला. ताबा घ्यायला आलेल्या अब्राहम शिपमनला पोर्तुगीजांनी दाद दिली नाही. कारवारजवळच्या अंजदीव बेटावर वाट पाहता पाहता तो वारला. फेब्रुवारी 1665 मध्ये इंग्रजांच्या वतीने हम्फ्री कुकने मुंबई घेतली, पाठोपाठ माहीम, शीव, धारावीही बळकावली. खाडीपलीकडचं कुर्ला मात्र 1737 मध्ये मराठ्यांनी साष्टी जिंकेपर्यंत पोर्तुगीजांकडेच राहिलं. इंग्रजांनी साष्टी घेतली 1774 मध्ये. पुढे गव्हर्नर डंकनच्या कारकिर्दीत शीवचा बांध झाला, तेव्हा कुठे आंदणाचं बेट कुर्ल्याशी जोडलं गेलं.

हा हिशेब आपल्याला सांगता येतो. ती राणी कोण होती, हे मात्र आपण विचारत नाही. स्पेनपासून 1640 मध्ये सुटलेल्या तिच्या देशाला स्वातंत्र्य टिकवायला इंग्रजांची मदत हवी होती. लग्नामुळे ती मिळाली आणि 1668 मध्ये स्पेनने पोर्तुगालचं स्वातंत्र्य मान्य केलं. कॅथरीनच्या वाट्याला मात्र अवहेलना आली. मे 1662 मध्ये, तेविसाव्या वर्षी तिचं लग्न झालं, आणि तिचा विरोध डावलून नवऱ्याने आपल्या प्रेयसीला तिच्याच खासगी सेवेत नेमलं. मूल झालं नाही. 1678 मध्ये, ती कॅथलिक म्हणून, राजाला विष घालण्याच्या कटाचा खोटा आळ तिच्यावर आला. घटस्फोटासाठी दबाव असूनही चार्ल्सने तिला सोडलं नाही, एवढाच काय तो आधार. वैधव्यानंतर ती मायदेशी परतली आणि भावाच्या आजारपणात 1704-05 मध्ये तिने पोर्तुगालचा कारभार समर्थपणे सांभाळला. 31 डिसेंबर 1705 रोजी लिस्बनमध्ये तिचा मृत्यू झाला.

मुंबई देताना बेटावरच्या कोळी-भंडाऱ्यांनाही कोणी विचारलं नव्हतं. राजांचे करार माणसांना मालमत्तेत धरतात. इतिहास शिकवताना आपणही तेच करू नये. कुर्ला-शीवच्या शाळांत त्या सरहद्दीचा नकाशा मुलांसमोर जरूर ठेवावा, पण त्याच तासाला कॅथरीनचं आयुष्यही सांगावं. राज्य चालवून दाखवलेल्या बाईची ओळख तिच्या हुंड्यावरून करून देणं आता थांबलं पाहिजे.