‘पावर’ कुणाची, कसली?

इंग्रजी शब्द आपल्याकडे आला की एका अर्थावर त्याचं भागत नाही. ‘पॉवर’चंच बघा. आमच्या मुळशीत तिची कधीच ‘पावर’ झाली. दिवे गेले, पावर गेली. चष्म्याचा नंबर वाढला की डोळ्यांची पावर वाढली (कमी झालेली असते खरं तर नजर, पण ते जाऊ दे!). डॉक्टरांची गोळी लई पावरची, काही खाल्ल्याशिवाय घ्यायची नाही. निवडून आलेल्याला पावर चढते. 2011 पासून ग्रामपंचायतीत निम्म्या जागा बायकांना राखीव झाल्या, तेव्हापासून बोर्डावर नाव बाईचं आणि पावर ‘मिस्टरां’कडे, असंही ऐकू येतं.

आमच्या तालुक्याचं या शब्दाशी जुनं वैर आहे. टाटांच्या पॉवर कंपनीने इथे धरण बांधायला घेतलं, तेव्हा 1921 च्या रामनवमीला मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पुढारी पांडुरंग महादेव बापट. ‘सेनापती’ ही पदवी त्यांना इथल्याच लढ्याने दिली. बायाबापड्याही त्यात मागे नव्हत्या. तीनेक वर्षांनी लढा मोडला. भातखाचरं पाण्याखाली गेली, पाणी घाटाखाली भिऱ्याच्या वीजघरात गेलं आणि 1927 पासून त्याची वीज मुंबईला जाऊ लागली.

पुढे जमिनीला सोन्याचा भाव आला आणि पावरचा आणखी एक अर्थ घरात शिरला. ‘पावर करून देणे’, म्हणजे पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी. मराठीत कुलमुखत्यारपत्र. मराठी शब्द अवघड म्हणून मागे पडला आणि घोटाळा झाला तो तिथेच. माझ्या ओळखीच्या एका मावशींना भाचा म्हणाला, “पौडला चल, पावर करायचीय.” मावशींना वाटलं, विहिरीवरच्या मोटारीच्या कनेक्शनचं काहीतरी असेल. फोटो निघाला, अंगठा उठला, येताना भेळही खाल्ली. सहा महिन्यांनी कळलं, माहेरच्या जमिनीतला त्यांचा हिस्सा विकायचा अधिकार त्या देऊन आल्या होत्या.

मैत्रिणींनो, मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतकाच जन्मतः हक्क आहे. महाराष्ट्रात 1994 ला, देशभर 2005 ला कायदा बदलला. दुरुस्तीच्या वेळी वडील हयात असोत-नसोत, हक्क आहेच, असं सुप्रीम कोर्टाने 2020 मध्ये सांगितलं. म्हणून तर बहिणींच्या सह्यांना एवढी किंमत आली! निव्वळ कुलमुखत्यारपत्राने मालकी बदलत नाही, हेही कोर्टाने 2011 मध्येच स्पष्ट केलंय. पण तेवढ्याने गाफील राहू नका. त्याच कागदावर मुखत्यार तुमच्या वतीने रीतसर खरेदीखत करू शकतो. पत्र रद्द करता येतं, देणारी व्यक्ती वारली की साधारणपणे ते संपतं. पण मोबदला घेऊन दिलेलं असलं तर सोडवणं जड जातं.

भावावर विश्वास नाही का, असं कुणीतरी म्हणणारच. म्हणू दे. कागद दोन दिवस आधी घरी मागून घ्या. कुणाला, कुठल्या गटाचा, नुसती देखभाल करायचा की विकायचाही अधिकार देताय, ते बघा. लेक नाहीतर नात शिकलेली असेलच. तिला शेजारी बसवा आणि पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचायला सांगा.