घर माझं, पॉलिसी त्यांची



परवा स्वाध्याय झाल्यावर मंदिराच्या कट्ट्यावर आम्ही पाच-सहा जणी बसलो होतो. मी घराचा विमा उतरवला, असं बोलता बोलता सांगून गेले. तर एक आक्का म्हणाल्या, "एकटीच्या घराला कसला गं विमा? कर्मात असेल ते चुकतंय होय?" सगळ्या गप्प. मीही गप्प. उत्तर सुचलं ते घरी येऊन भाजी चिरताना, नेहमीसारखं. ते इथे लिहिते.

आमचा फ्लॅट सांगलीत, तळमजल्यावर. आयर्विन पुलाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं आणि आमच्या स्वयंपाकघरात ओट्याला लागलं. फ्रीज, वॉशिंग मशीन, गाद्या, लाकडी कपाट आणि त्यातला माझा लग्नातला शालू, सगळं चिखलात. विमा होता की! पण तो गृहकर्जाबरोबर बँकेत सही करून घेतलेला, नुसत्या भिंतींचा. सामानाचा एक रुपया मिळाला नाही. तेव्हा संसार दोघांचा होता. रडलो, घर धुतलं, हळूहळू पुन्हा घेतलं.

पुढे आम्ही संमतीने वेगळे झालो. आपल्या समाजात हा शब्द अजून हळू आवाजात बोलतात, म्हणून मी स्पष्ट लिहिते: घटस्फोट. आपल्यालाही हिंदू विवाह कायदाच लागू आहे, हे मला कोर्टात गेल्यावर कळलं. पोटगीच्या एकरकमी पैशांऐवजी फ्लॅट माझ्या वाट्याला आला. दस्त नोंदवला, सोसायटीच्या भागपत्रावर नाव चढलं, लाइटबिल बदललं, घरपट्टी बदलली. विम्याची आठवण मात्र वकिलांना झाली नाही, माझ्या भावाला झाली नाही आणि मला तर नाहीच. दीड वर्ष घर माझं आणि पॉलिसी त्यांच्या नावाची, अशी गत होती.

याचा अर्थ नीट समजून घ्या. त्या दीड वर्षात पूर आला असता, तर त्यांना भरपाई मिळाली नसती, कारण घरात त्यांचा हक्कच उरला नव्हता. मलाही मिळाली नसती, कारण करार माझ्याशी झालेलाच नव्हता. हप्ता भरलेला आणि दोघांच्याही हातात काही नाही. म्हणून ज्या बहिणीचं प्रकरण अजून चालू आहे तिला माझं सांगणं आहे, समझोत्याच्या कागदात घर कुणाचं हे लिहाल त्याच दिवशी विम्याचंही विचारा. दस्त नोंदला की त्याच आठवड्यात नवी पॉलिसी आपल्या नावाने घ्या.

मग मी खरेदीला निघाले. एका ठिकाणी फोनवरचा मुलगा म्हणाला, "मॅडम, साहेबांना फोन द्या ना, त्यांना समजावतो." मी म्हटलं, साहेब मीच. तो गडबडला बिचारा. दुसरीकडे घराच्या विम्याबरोबर आणखी तीन कसल्या कसल्या पॉलिसी गळ्यात मारायला लागले. त्यापेक्षा सोपं निघालं ते असं: १ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' नावाची एकाच साच्यातली पॉलिसी द्यावी लागते. आग, वीज, भूकंप, वादळ, पूर, दरड हे सगळं त्यात मुळातच असतं. नाव तेच, अटी त्याच, त्यामुळे दोन-तीन ठिकाणचे हप्ते शेजारी ठेवून बघता येतात.

रक्कम ठरवताना मी आधी चुकले. फ्लॅटची बाजारातली किंमत सांगत होते. पण विमा बांधकामाचा असतो, जागेच्या भावाचा नाही. कार्पेट एरिया गुणिले बांधकामाचा दर. समजा ६०० चौरस फूट आणि दर २,००० रुपये, तर १२ लाख. त्यावर २० टक्के, म्हणजे २ लाख ४० हजार, सामानासाठी आपोआप धरतात. ही आपोआपची रक्कम १० लाखांच्या वर जात नाही. जास्त हवी तर सामानाची यादी द्यायची. दागिने आणि चांदी साध्या सामानात येत नाहीत, त्यांचं वेगळं सांगावं लागतं. माझं पूजेचं चांदीचं तबक आणि कलश मी वेगळे लिहून घेतले. आणि चोरीचं फसवं आहे हं! पूर किंवा आग लागल्यानंतर सात दिवसांत झालेली चोरीच यात धरतात. तुम्ही कुंथलगिरीला गेलात आणि मागे कुलूप फोडलं, तर त्याला घरफोडीचा विमा निराळा घ्यावा लागतो. एकटी राहणारीने तो घ्यावाच, असं माझं मत आहे. वर्षाचा सगळा हप्ता मला एका बऱ्यापैकी साडीपेक्षा कमी पडला.

आता आक्कांचं उत्तर. कर्मसिद्धांत मीही मानते. पण आपण पाणी गाळून पितो, रात्री चूल पेटवत नाही, पाऊल बघून टाकतो. कर्मात असेल ते होईल म्हणून गाळणं कुणी फेकून दिलंय का? यत्नाचार हा आपल्या धर्माचाच शब्द आहे.

आणि परिग्रहाचं म्हणाल, तर सामानाची यादी करायला बसले तेव्हा मला परिग्रह परिमाण व्रताची आठवण झाली. त्या व्रतात क्षेत्र, वास्तू, सोनं, धान्य, भांडी यांची मोजदाद करून मर्यादा घालायची असते. मोजल्याशिवाय मर्यादा कसली? दोन संध्याकाळी मी खोलीखोलीतून वही घेऊन फिरले. चार कुकर निघाले. एकटीला! त्यातले दोन मोलकरणीला दिले, न वापरलेल्या सहा चादरी दिल्या, आणि मग उरलेल्याचा विमा उतरवला. आसक्ती वस्तूत नसते, मनात असते, हे आपण दर पर्युषणात ऐकतो. मग पुरुषाने दुकानाचा विमा उतरवला की तो व्यवहार, आणि बाईने स्वतःच्या नावावरच्या घराचा उतरवला की तो मोह, हे कसं? वैराग्य सांगायचं तर सगळ्यांना सांगा. ज्या बाईकडे एकच घर आहे, तिलाच ते सोडून द्यायला शिकवू नका.

एक व्यवहाराची गोष्ट राहिली. प्रत्येक वस्तूचा मोबाइलवर फोटो काढा. माझ्या टीव्ही-फ्रीजच्या जुन्या पावत्या सगळ्या त्यांच्या नावाच्या होत्या, म्हणून मी नवीन घेतलेल्यांच्या जपून ठेवल्या आणि जुन्यांचे फोटो काढले. फोटो भावाच्या मोबाइलवरही पाठवले. २०१९ ला आमचे कागदही कपाटाबरोबरच भिजले होते. म्हणून आता पॉलिसी आणि दस्ताची एक झेरॉक्स प्लास्टिकच्या पिशवीत घालून दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडे ठेवली आहे. त्यांनी ती धान्याच्या डब्यांमागे ठेवलीय, आणि पाऊस लागला की आपणहून सांगतात, "तुझी पिशवी आहे गं जागेवर."