पंधरा किलोंचा युक्तिवाद

पुण्याजवळच्या एका औद्योगिक वसाहतीत कारखानदारांच्या बैठकीला जाण्याचा प्रसंग अलीकडे आला असता, तेथे एका गृहस्थांनी, सौर पॅनेल बसविण्यापूर्वी छपराची संरचनात्मक तपासणी करविणे हा अभियंत्यांच्या चरितार्थाची तजवीज करणारा कागदी सोपस्कार होय, असा सिद्धान्त मोठ्या आत्मविश्वासाने मांडला, आणि श्रोत्यांनी खर्च वाचल्याच्या समाधानाने माना डोलावल्या. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: पॅनेल व त्याचा सांगाडा यांचे वजन चौरस मीटरला फार तर १५ किलो, छप्पर मुळातच ७५ किलोंसाठी बांधलेले, शिल्लक ६०. शिवाय पुरवठादार दाखला फुकट देतो, वीज कंपनी जोडणी मंजूर करते आणि बँक कर्ज देते. मग आणखी कोणाची साक्ष हवी?

वजाबाकी निर्दोष आहे. दोष आहे तो वजाबाकी कशातून केली यात. आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या दुसऱ्या भागात, माणसांचा नेहमीचा वावर नसलेल्या व दहा अंशांपर्यंत उताराच्या छपरासाठी सुमारे ७५ किलोंचा जो भार सांगितला आहे, तो दुरुस्तीसाठी वर चढणारी माणसे व त्यांची अवजारे यांच्यासाठी आहे. उतार दहा अंशांपलीकडे गेला की तो अंशागणिक घटतही जातो. ती काही मालकाच्या नावे जमा असलेली अनामत रक्कम नव्हे. आणि ती असती तरी शिल्लक राहिली आहे कोठे? वीस वर्षांत छपराच्या त्याच कैच्यांना हवेचे डक्ट, केबलचे ट्रे, एखादा चेनपुली ब्लॉक बिनदिक्कत टांगलेले असतात, पत्र्यांना आधार देणाऱ्या पर्लिनच्या कडा गंजाने पातळ झालेल्या असतात, आणि या खर्चाची नोंद कोणत्याही वहीत नसते. त्यातून पॅनेलचे वजन छपरावर साखरेसारखे पसरत नाही. ते क्लॅम्पच्या मोजक्या बिंदूंतून खाली उतरते.

परंतु हेही क्षणभर सोडून देऊ, कारण या गृहस्थांच्या हिशेबात वारा मुळी वाहतच नाही! त्याच मानकाच्या तिसऱ्या भागात पुण्यासाठी वाऱ्याचा मूलभूत वेग सेकंदाला ३९ मीटर आणि मुंबईसाठी ४४ मीटर धरला आहे. वेगाच्या वर्गाला ०.६ ने गुणले की दाब न्यूटनमध्ये मिळतो. म्हणजे उंची, भूप्रदेश व आकार यांचे गुणक लावण्यापूर्वीच पुण्यात चौरस मीटरला सुमारे ९३ किलो आणि मुंबईत ११८ किलो. हा भार छपराच्या कडांना व कोपऱ्यांना ओढ लावून वर उचलतो. कोकणातला अडाणी म्हणविला जाणारा माणूस पावसाळ्यापूर्वी पत्र्यावर दगड ठेवतो, तो छप्पर खाली येईल या भयाने नव्हे, वर जाईल या भयाने. आणि ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने रायगड जिल्ह्यात किती पत्रे उडविले हे ज्यांनी पाहिले, त्यांना पंधरा किलोंचा हा दिलासा कोणत्या तोंडाने द्यावा? पॅनेल जितके हलके, तितके ते घट्ट धरून ठेवण्याचे काम अवघड.

हा वाद मला नवा नाही. आमच्या जुन्या इमारतीच्या गच्चीवर पाण्याची आणखी एक टाकी चढवावी असे ठरले, तेव्हा एका वयोवृद्ध शेजाऱ्यांनी, ‘टाकी प्लॅस्टिकची आहे’ एवढ्या एकाच मुद्द्यावर सभा जिंकली होती. तीत मावणाऱ्या हजार लिटर पाण्याचे वजन एक टन होते हे मी सांगितले, तर मला विघ्नसंतोषी ठरविण्यात आले. कोब्याला तडा गेला तेव्हा दोष पावसाला मिळाला.

राहिल्या त्या गृहस्थांच्या उरलेल्या साक्षी. वीज कंपनी वीज तपासते, बँक परतफेड तपासते. छपराकडे दोघींचीही नजर नसते. पुरवठादाराच्या फुकट दाखल्याविषयी काय बोलावे? उपवर मुलाच्या मामाने दिलेले वर्तणुकीचे प्रमाणपत्रच ते.

मग तपासणी कोणती निवडावी? इमला नवा असून मूळ नकाशे व आकडेमोड हाती असेल, तर त्यांची फेरतपासणी व एक प्रत्यक्ष भेट पुरते. कागदपत्रे गहाळ असतील, तर पर्लिनची जाडी, अंतरे, जोडांचे बोल्ट व गंज मोजून नव्याने हिशेब करावा लागतो. जुन्या स्लॅबला सळ्यांचा शोध व काँक्रीटची चाचणीही लागते. सिमेंटच्या जुन्या पत्र्यांवर तर आधी पत्र्यांचाच निर्णय करावा, कारण पॅनेलची हमी सहसा पंचवीस वर्षांची असते आणि त्याखालच्या पत्र्याची तितकी उमर उरलेली नसते. तपासणारा पॅनेल विकणारा नसावा, आणि कोणत्या गाळ्यात पॅनेल बसवू नयेत हे त्याने लेखी द्यावे.

कारखानदार बंधूंना विनंती एवढीच, की तपासणीचे शुल्क पुरवठादाराच्या निविदेत मिसळू देऊ नका. ते आपल्या हाताने, वेगळे द्या, आणि सही करणारा शिडीवर चढला होता की नाही हे स्वतः उभे राहून पाहा.