मुलाखतीचे बोलावणे आले की...



मुलाने किंवा मुलीने पदवी घेतली, लेखी परीक्षा दिली आणि एके दिवशी मोबाईलवर मुलाखतीचा निरोप आला की घरात दोन गोष्टी घडतात. आई देवापुढे साखर ठेवते आणि वडील विचारतात, "कोट शिवावा लागंल का रं?" मग कुणाकडून तरी उसने पैसे घेऊन तालुक्याच्या गावी कापड खरेदी होते. ऐन बी-बियाण्याच्या दिवसांत हा खर्च अंगावर येतो. म्हणून या आठवड्यात पीक-पाण्याचा विषय बाजूला ठेवून मुलाखतीच्या तयारीविषयी चार शब्द लिहितो.

आधी मुलाखत कुठे असते ते पाहू. केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून गट क आणि गट ब (अराजपत्रित) पदांच्या मुलाखती बंद केल्या. बँकेतील लिपिक पदालाही मुलाखत नसते. मात्र बँकेतील प्रोबेशनरी ऑफिसर व कृषी क्षेत्र अधिकारी, लोकसेवा आयोगाची राजपत्रित पदे, तसेच बियाणे, खते व ठिबक सिंचनाच्या खासगी कंपन्या येथे समोर बसून उत्तरे द्यावी लागतात.

बाजार समितीत टोमॅटोचे क्रेट नेताना कुणी वरचा थर लालबुंद ठेवला आणि खाली बारीक, डागी माल भरला तर काय होते? मुरलेला व्यापारी वर पाहतच नाही, तळाशी हात घालतो. मुलाखत घेणारेही तसेच करतात. पेहराव हा वरचा थर. तो स्वच्छ हवा, पण तळाच्या मालाशी जुळणाराही हवा.

कपडे

मुलांनी फिकट रंगाचा, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि गडद पँट घालावी. खांद्याची शिवण खांद्यावर आणि बाही मनगटापर्यंत बसली पाहिजे. एवढे जमले की बहुतेक ठिकाणी कोटाची गरज नाही. चुलत्याचा मागून आणलेला कोट बोटांपर्यंत लोंबतो आणि घाम फोडतो तो वेगळाच. कपडा नवा असेल तर एकदा धुऊनच घाला. खळ जाते आणि आखडायचा तो आधीच आखडतो. बटणे तपासा. कडक इस्त्री करा; घरात इस्त्री नसेल तर तांब्यात निखारे घालून काम भागते, हे आजीला विचारा. पायांत बंद बूट, आदल्या रात्री पॉलिश केलेले, आणि धुतलेले मोजे.

मुलींनी साडीची सवय असेल तर साडी नेसावी, नसेल तर सलवार-कमीज उत्तम. त्या दिवशी पहिल्यांदाच साडी नेसलेल्या मुलीचे अर्धे लक्ष निऱ्यांकडे राहते. ओढणी पिनेने नीट बसवावी. खळखळणाऱ्या बांगड्या व पैंजण त्या दिवसापुरते घरी ठेवावेत.

सगळा पोशाख दोन दिवस आधी अंगावर चढवून खुर्चीवर बसून पाहा. कुठे काचते, कुठे ताणते, ते घरीच कळू द्या. एस.टी.चा प्रवास असेल तर मुलाखतीचे कपडे पिशवीत घडी करून न्या आणि तिथे पोहोचल्यावर बदला. शक्य असल्यास आदल्या दिवशीच जाऊन नातेवाइकाकडे मुक्काम करा.

हात आणि दात

कपाशी वेचलेल्या, ऊस तोडलेल्या हातांना घट्टे असतात. ते लपवू नका, त्यात कमीपणा नाही. नखांतली माती मात्र काढा. लिंबाची फोड चोळली की बोटांवरचे डाग फिके होतात. केस कापलेले, दाढी केलेली किंवा नीट कातरलेली असावी. अत्तराचा भपकारा नको.

तंबाखू आणि मिश्रीविषयी स्पष्टच सांगतो. दातांवरचा थर एका सकाळच्या घासण्याने जात नाही आणि बंद खोलीत वास लपत नाही. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी खिशात पुडी सापडतेच. सवय असेल तर अर्ज भरता त्या दिवशीच सोडा.

खोलीत गेल्यावर

"आत येऊ का?" असे विचारा, नमस्कार करा, बसा म्हटल्यावर बसा. पाठ ताठ ठेवा, पाय हलवू नका, विचारणाऱ्याकडे पाहून बोला. आपल्या बोलीची लाज बाळगू नका. राज्य लोकसेवा आयोगाची मुलाखत मराठीतही देता येते. येत नसेल ते "माहीत नाही" म्हणून मोकळे व्हा.

आता तळाचा माल. अर्जात वडिलांचा व्यवसाय शेती दिसला की प्रश्न येतो, "शेती किती? यंदा काय लावले? एकरी उतारा किती पडला?" कंत्राटी पदांच्या मुलाखतींना मी समितीत बसलो आहे. उत्तम बूट घातलेली मुले इथे खाली पाहू लागतात. "ते वडील बघतात," एवढेच म्हणतात. त्यांना शेतीची लाज वाटते की माहितीच नसते, हे आम्हाला कळत नाही. पण दोन्हींची नोंद सारखीच होते. एकदा जुन्या पण स्वच्छ सुती पोशाखातल्या एका मुलीने सांगितले, "तीन एकर कोरडवाहू कपाशी. बोंडअळीमुळे फरदड घेतली नाही, डिसेंबरातच पऱ्हाट्या काढून हरभरा पेरायचा होता, पण ओल पुरली नाही." तिला बोलते करावे लागले नाही. समितीतले सगळे पुढे सरसावून ऐकत होते.

दोष मुलांचाच नाही. "तू अभ्यास कर, शेतात येऊ नकोस," असे आपणच त्यांना सांगतो. त्यामागे माया असते. पण त्यामुळे बावीस वर्षांच्या मुलाला आपल्या रानाचा गट नंबर सांगता येत नाही.

तेव्हा वडीलधाऱ्यांनो, कोटासाठी उसने पैसे आणू नका. बोलावणे आले की त्या रात्री सातबारा आणि हिशेबाची वही काढा आणि मुलाला जवळ बसवा. बियाण्याला किती गेले, मजुरीला किती, उतारा किती पडला, भाव काय मिळाला, पीककर्ज किती फिटले, हे सगळे न लपवता सांगा. तोट्याचे वर्षही सांगा. ज्याला घरचा तोटा आकड्यांत सांगता येतो, तो परक्या माणसासमोर मान खाली घालत नाही.